बुधाबाबाचा रिकामा घोडा

त्या दिवशी मुंबईच्या त्या मोठ्या, जुन्या वस्तू ठेवायच्या वस्तूघरात आम्ही कोण कोण होतो ते आधी सांगते, कारण त्यातले बरेच आता नायत. बुधाबाबा होता. मी होते. आमच्या पाड्याच्या शाळेचे गुरुजी होते, ते घाटावरचे. त्या घरातली मॅडम होती, असंल तिशीची. एक वॉचमन होता, मालवणकडचा. आन काचेच्या कपाटात बुधाबाबानंच घडवलेला सागाचा खांब उभा होता. बुधाबाबाची सून जानी घरी पाड्यावर होती, तिला सातवा लागलेला. तिच्या पोटात जी होती ती सोमी. सोमी आता शाळेत शिकवते. मी बोलते ते तीच लिहून घेते. मला सही येते, बाकी नाय.

बुधा हे नाव आमच्या पाड्यावर कोणी घेत नाय. मीपण इतकी वर्षं घेतलं नव्हतं. आज घेते.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या खाली, दोन डोंगरांच्या मधी. तेव्हा जिल्हा ठाणा होता आन पाड्यावर लाईट नव्हती. आमच्यात मोठं माणूस मेलं की त्याच्या नावानं सागाचा खांब करतात, टेकडीवर उभा करतात. त्याला वीर म्हणतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला बाप्या. बाई असली तं डोक्यावर हंडा. भगत तीनदा नाव घेतो, तांदूळ टाकतो, दारूची धार धरतो, मंग ते माणूस खांबात येतं. पुढं कोणी हात लावायचा नाय. ऊन लागतं, पाऊस लागतो, उधई म्हंजे वाळवी लागते. वीस-पंचवीस पावसाळे गेले की वीर आडवा होतो. आडवा झाला की माणूस सुटलं. तो परत उचलायचा नाय, सरपणाला आणायचा नाय. उभा आहे तोवर आपल्यात, पडला की तो त्याच्या घरी गेला. एवढंच आहे.

हे वीर बुधाबाबा करायचा. आमच्या आन आजूबाजूच्या सात-आठ पाड्यांचे. त्याला एकच डोळा होता. दुसरा वाकसानं लाकूड तासताना ढलपी उडून गेला. कोणी विचारलं तं म्हणायचा, "एक लाकडाला दिला. एक मला पुरतो." वाकस आढ्याला लटकवलेला असायचा, मेलेल्या बायकोच्या लुगड्यात गुंडाळून. तासलेल्या लाकडावर तो कधी बसायचा नाय. लग्नात बाकडं पुढं केलं तरी बाजूला जमिनीवर उकिडवा बसायचा.

कोणाकडं मयत झालं की दहा-बारा दिवसांनी तो जायचा. लगेच लाकडाला हात नाय. त्या घरच्या ओट्यावर तीन दिवस नुसता बसायचा, तंबाखू मळत. नागलीची भाकर दिली तं खायची. काम झालं की एक कोंबडी न्यायची, दुसरं काय घ्यायचा नाय. आन विचारायचं काय, तं असलंच काय तरी. पाणी कसा प्यायचा, गडू वरून धरून का तोंड लावून? झोपताना कुठल्या कुशीवर? रागावला की बोलायचा का गप बसायचा? लोक वैतागायचे. एकदा एका पोरानं म्हटलं, "बाबा, लवकर कर ना, आम्हाला वीटभट्टीवर जायचंय." तं म्हणाला, "घाई कोणाला आहे? बापाला का तुला?"

पोरं त्याला भ्यायची. तो बघतो म्हंजे माप घेतो, असं आयांनीच सांगितलेलं. त्यालापण ते माहीत होतं. लहानू भगत त्याच्याच वयाचा, पोट सुटलेला. त्याला भर बाजारात, मोखाड्याच्या, म्हणायचा, "लहान्या, तुला जाडा साग लागंल. आत्ताच सांगून ठेव फॉरेस्टवाल्यांना."

"तुझ्या आधी मी जातो का," लहानू म्हणायचा. "आन तू गेल्यावर तुझा कोण करंल रे, काण्या?"

"माझा मीच करून ठेवीन. तुमच्या कोणावर भरवसा नाय."

हसायचे दोघं. आम्हीपण हसायचो.

माझा नवरा एका पायानं लंगडा होता. तरणा असताना ताडावरून पडला. तो गेला तेव्हा बुधाबाबा माझ्या ओट्यावर बसला तसाच तीन दिवस. मंग घरामागं लाकूड तासायला लागला. मी भाकर घेऊन गेले आन बघितलं तं घोड्याचा पुढचा पाय वाकडा.

मी म्हटलं, "बाबा, पाय वाकडा झाला."

"झाला नाय. केला."

"लोक हसतील."

"हसूदे. बाय, तुझा बाप्या धड पायाच्या घोड्यावर चढला असता का? पहिल्याच दिवशी खाली आला असता."

मला राग आला. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाय. भाकर ठेवायची आन यायचं. मंग टेकडीवर वीर उभा केला, लहानूनं नाव घेतलं. सगळे उतरले. खाली ओहोळापाशी येऊन मी मागं वळून बघितलं. सगळ्या वीरांत माझा लांबून ओळखू येत होता. बाजारातून येताना तो बांधावर दिसायचा, अगदी तसा. त्यानंतर बुधाबाबानं काय मागितलं असतं तरी मी नाय म्हटलं नसतं. त्यानं मागितलंपण. ते पुढं येतं.

दिवाळी झाली की आमच्याकडं पाडा ओस पडतो. भात-नागली घरात येते ती पुरत नाय, मंग सगळे भिवंडीकडं, वसईकडं वीटभट्टीवर जातात ते शिमग्याला परततात. त्या वर्षी बुधाबाबापण गेला, मुलगा-सुनेबरोबर. एका डोळ्यानं विटा उलट्या करत बसायचा. मीपण गेले. मागं राहिले ते उठता न येणारे.

शिमग्याला आलो तं टेकडी चमकत होती. कोणाला कळंना काय आहे. जवळ गेलो तं वर पत्रा घातलेला, लोखंडी खांबांवर. सगळ्या वीरांच्या बुडाशी सिमेंट ओतलेलं. वीरांना कसलं तरी तेल पाजलेलं, घासलेटासारखा वास येत होता. आन प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्या रंगानं आकडा. माझ्या नवऱ्यावर काय आकडा होता ते गुरुजींनी वाचून सांगितलं. मी विसरले. मुद्दाम विसरले.

दोन वीर त्या वर्षी पडायला आलेले. एक बुधाबाबाच्या बायकोचा. बुडाला उधई लागून तो इतका कलला होता की एका पावसाचं काम होतं. तोपण सरळ करून सिमेंटात बसवलेला. बुधाबाबा त्याच्यासमोर उकिडवा बसला. संध्याकाळपर्यंत उठला नाय. जानी बोलवायला गेली तं म्हणाला, "ही निघाली होती. दारातून मागं ओढली तिला."

पंधरा दिवसांनी जीप आली. एक साहेब, ती मॅडम, एक फोटोवाला. जुन्या वस्तू सांभाळायचं खातं, असं गुरुजींनी सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. सगळ्यांना नमस्कार केला, खाली बसला, कोरा चहा प्यायला. बुधाबाबाला म्हणाला, "बाबा, तुमची कला वाया चालली होती. आता बघा, शंभर वर्षं काय होणार नाय यांना."

बुधाबाबा तंबाखू मळत होता. मळून झाली, थापटली, तोंडात टाकली. मंग म्हणाला, "शंभर वर्षं? त्यांनी काय गुन्हा केला?"

साहेबाला वाटलं गंमत केली. तो हसला. मॅडम हसली नाय. ती लिहीत होती, थांबली. म्हणाली, "आजोबा, मग काय करायला पाहिजे होतं?"

असं आम्हाला कोणी विचारत नाय. मोखाड्याला तहसीलात जा, जव्हारला प्रकल्पाच्या ऑफिसात जा, तिथं सांगतात, विचारत नायत. बुधाबाबानं तिच्याकडं एका डोळ्यानं बघितलं आन सगळं सांगितलं. जे मी वर सांगितलं ते. गुरुजी मधी मधी समजावून देत होते. ऐकून साहेबाचं तोंड उतरलं. म्हणाला, चूक झाली. पत्रा काढतो, सिमेंट तुम्ही काढा, माझी हरकत नाय. पण मुंबईला वस्तूघरात जागा करून ठेवली आहे, तिथं वरच्या साहेबांना मी काय दाखवू? एक तरी खांब द्या.

"नाव घेतलेला एकपण नाय," बुधाबाबा म्हणाला. मंग मॅडमकडं बघून म्हणाला, "हिनं विचारलं म्हणून नवा करून देतो. बिननावाचा."

लहानू भगत तिथंच होता. तो म्हणाला, "बुध्या, बिननावाचा वीर करू नको. रिकामं घर बघून कोण तरी शिरतं."

"मी त्याला उभा कुठं करतो? आडवा जीपमधी जाईल. तिकडं मुंबईत उभा राहिला तं तिकडचं कोण जायचं ते जाईल. तिथं माणसांना काय तोटा आहे?"

असा बोलायचा तो. पण लहानू हसला नाय.

महिनाभर बुधाबाबा एकीकडं सिमेंट फोडायचा, एकीकडं नवा वीर तासायचा. पहार घेऊन एकेका वीरापाशी बसायचा, हळूच म्हणायचा, दुखंल, सोस. बायकोचा मोकळा केला तं त्याच रात्री तो पडला. तेव्हा दोन दिवस बुधाबाबा बरा दिसला. नवा वीर इतका सुरेख झाला की मी तसा कधी बघितला नाय. सूर्य, चंद्र, खाली घोडा मान वळवून उभा. पाठ मोकळी. बाप्या नाय घडवला. कोणाला घडवणार?

वीर न्यायला आले तेव्हा फोटोवाला म्हणाला, असा आडवा फोटो चांगला येत नाय, टेकडीवर जरा उभा करा. बुधाबाबानं लहानूकडं बघितलं. लहानू नको म्हणून हात हलवत होता. पण पाहुणा दारात आला की त्याला नाय म्हणणं बुधाबाबाच्या जिवावर यायचं. एवढ्याशात काय होतं, म्हणाला. हातानं खड्डा केला, वीर उभा केला, बुडाला माती दाबली. त्याला आयुष्यभराची सवय, हात थांबले नायत. आमच्यातल्या दुसऱ्या कोणाकडून ही चूक झाली नसती, दुसऱ्याला तो नीट उभाच करता आला नसता. लहानू खाली थुंकला आन घरी गेला. वीर तासभर तिथं मातीत उभा होता. फोटो झाले. जीप गेली.

त्या पावसाळ्यात जानीचं पोर गेलं. सुक्र्या, दोन वर्षांचा. श्रावणात घरातली नागली संपलेली. कडूकंद उकडून खात होतो, ते लहान पोराला पचत नाय. पोट एवढं मोठं आन हातपाय काड्या. ताप आला. बुधाबाबानं त्याला झोळीत घालून पाठीवर बांधला आन मोखाड्याला दवाखान्यात निघाला, मी आन जानी मागं. ओहोळाला पाणी छातीच्या वर. बसलो काठावर. पलीकडं मोखाड्याची वाट दिसत होती. दुपार झाली, पाणी उतरंना. बुधाबाबा झोळी सोडायला तयार नव्हता, म्हणून पोर कधी गेलं ते नीट कळलं नाय.

लहान पोराचा आमच्यात वीर करत नायत. पुरतात.

पाडा बोलला. आन पाड्याच्या आधी बुधाबाबाच बोलला. माझ्या ओट्यावर येऊन बसला आन म्हणाला, "मी घोडा रिकामा उभा केला, बाय. त्यानं माझं पोर नेलं."

मी म्हटलं, "बाबा, पोर उपाशी होतं. या पावसात वरच्या पाड्यावरची पोरं गेली, त्यांच्या आज्यांनी काय खांब केले नव्हते."

"त्यांचं त्यांना माहीत. माझ्या घरचं मला माहीत."

मला तेव्हाही वाटत होतं आन आजही वाटतं, पोर उपासानं गेलं. पण उपासाचं बुधाबाबा काय करणार होता? खांबाचं त्याला करता येण्यासारखं होतं.

वर्ष फिरलं तशी जानी परत पोटाशी राहिली. मंग त्याला झोप नाय. म्हणायचा, पोराच्या नावानं घोडा भरत नाय. तो अजून रिकामाच आहे, अजून मागंल. पाऊस लागायच्या आत त्याला माणूस द्यायला पाहिजे. जव्हारला गेला. तिथून सांगितलं, आमच्याकडं नाय ते. गुरुजींनी मुंबईला पत्रं लिहिली. एक उत्तर आलं की वस्तू नोंदीत गेली, आता बाहेर येत नाय. दुसरं उत्तर मॅडमचं. तिनं लिहिलं, बाहेर नाय काढता येत, पण तुम्ही या, मी कपाट उघडते.

आता नाव कोणाचं घ्यायचं? वीर करायचा राहिलेली मयतं होती दोन-तीन घरांत. लहानू म्हणाला, त्यांना विचार. बुधाबाबा म्हणाला, "तिथं ना ऊन, ना पाऊस, ना उधई. कधीच पडणार नाय तो. कोणाच्या माणसाला मी असा कोंडू?" मंग म्हणाला, "माझं घे."

"जित्या माणसाचं नाव मी घेणार नाय," लहानू म्हणाला. "मला पाप नको." आन उठून गेला.

तेव्हा बुधाबाबा माझ्याकडं आला. भर दुपारी. बसला नाय, उभाच राहिला.

"बाय, तू घेशील?"

"मी भगत नाय."

"घोडा खरा केला का नाय तुझ्या नवऱ्याचा?"

"केला."

"मंग."

मी पीठ झाकून ठेवलं आन उठले.

जव्हारहून येष्टीनं गेलो, गुरुजी बरोबर. बुधाबाबाकडं एक फडकं होतं, त्यात टेकडीवरची माती, तांदूळ. दारू पाण्याच्या बाटलीत. वस्तूघराच्या दारात वॉचमननं बाटली हुंगली. आत न्यायची नाय म्हणाला. गुरुजींनी कशाला ते सांगितलं. त्यानं बाटली परत दिली. म्हणाला, "आमच्यात पण गाऱ्हाणं घालतात. घाला. मी तोंड फिरवतो." आन खरंच भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मॅडमनं चपला काढल्या. कपाटाचं कुलूप काढलं. आत गारठा होता, उन्हाळा असून. वीर लोखंडी पाट्यावर उभा केलेला, अंगावर एक धूळ नाय. बुधाबाबानं फडक्यातली माती बुडाला टाकली, हातानं दाबली. मंग खिशातून पटाशी काढली. त्याला घोड्यावर बाप्या घडवायचा होता.

मॅडम म्हणाली, "आजोबा, ते नाही करता यायचं. मला नाही परवानगी."

बुधाबाबानं पटाशी परत खिशात घातली. म्हणाला, "बरं. तुझी नोकरी नको जायला." आन घोड्याच्या मोकळ्या पाठीवर तळहात ठेवला. माझ्याकडं बघितलं.

मी तांदूळ टाकले. धार धरली. बुधा, म्हटलं. बुधा. तिसऱ्यांदा तोंडातून येईना. तो म्हणाला, "घे बाय. येष्टी चुकंल." मंग घेतलं.

त्यानं हात काढला. मॅडमनं विचारलं, पाटीवर नाव लिहू का? तो म्हणाला, नको, ते आता बोलवायचं नाय कोणी. ती म्हणाली, माती तशीच राहूदे, पुसणार नाय कोणी. वॉचमनलापण सांगितलं तिनं. पुढं तिची बदली झाली असं गुरुजींना कळलं. मातीचं काय झालं माहीत नाय.

सोमी झाली. जगली.

बुधाबाबा त्यानंतर सात पावसाळे होता. पण ज्याचं नाव वीराला गेलं ते नाव घ्यायचं नाय. म्हणून पाड्यावर त्याला कोणी हाक मारायचं नाय. बाबा म्हणायची ती लहान पोरं आन मी, एवढीच. लग्नात तो मांडवाच्या बाहेर बसायचा, आपणहून. सोमीला मांडीवर घ्यायचा नाय. लांबून बघायचा. वाकस आढ्याला होता तो परत काढला नाय. आता आमच्याकडं वीर करणारं कोणी नाय. माणूस मेलं तं दगडाला शेंदूर लावून ठेवतात. दगड पडत नाय.

मी त्याला शेवटचा धड बघितला तो भादव्यात. चार दिवस झड लागलेली. मी भाताच्या आवणातलं गवत काढून इरलं डोक्यावर घेऊन येत होते, तं टेकडीच्या पायथ्याशी तो उभा. अंगावर काय नाय, लंगोटी तेवढी. इरलं बाजूला काढून ठेवलेलं. हात अंगाला लावून ताठ उभा, वीर उभा असतो तसा. पाणी डोक्यावरून, त्या मिटलेल्या डोळ्यावरून वाहत होतं. ओठ निळे झालेले.

मी म्हटलं, "बाबा, इरलं घे. मरशील."

तो म्हणाला, "तिकडं कोरडा उभा आहे मी. इकडं तरी भिजू दे."

मी माझं इरलं काढलं आन थोडा वेळ उभी राहिले त्याच्याबरोबर. मंग मला थंडी वाजली, मी घरी आले. आठव्या दिवशी तो गेला. टेकडीवर त्याचा वीर नाय. एका माणसाचे दोन होत नायत.

माझ्या नवऱ्याचा वीर गेल्या पावसात पडला. माझंपण आता झालंच. मी गेल्यावर बुधाबाबाचं नाव घ्यायला कोण राहणार नाय, म्हणून हे सांगितलं.

जो कोण हे वाचंल त्यानं एवढं करा. मुंबईच्या त्या घरात गेलात तं काचेमागं एक सागाचा खांब असंल. वर सूर्य-चंद्र, खाली घोडा मान वळवून उभा. घोड्यावर कोणी दिसणार नाय. तो रिकामा नाय. ज्याच्याकडं कपाटाची किल्ली आहे त्याला सांगा, त्याला बाहेर काढा. आमच्याकडं नाय आणला तरी चालंल. कुठं पण मातीत उभा करा, वर पत्रा नको. पाऊस लागू द्या. पडला की उचलू नका.